अरेंजमेंटचं काम घेताना हक्कांचं आधी बघ

अरेंजमेंटचं, म्हणजे दुसऱ्याची संगीतरचना वेगळ्या वाद्यांसाठी किंवा नव्या रूपात बांधायचं, पहिलं काम मिळालं, छान. पण सही करण्याआधी मूळ रचना कोणाची आहे ते बघ. ती कॉपीराइटमध्ये असेल तर मूळ हक्कदाराची परवानगी लेखी हवी, तीही काम सुरू होण्याआधी. बरेच प्रकाशक परवानगी देतानाच तुझ्या अरेंजमेंटचे हक्क स्वतःकडे लिहून घेतात. मग हातात उरतं फक्त मानधन, तेव्हा आकडा त्या हिशेबाने सांग.

मूळ रचना कॉपीराइटमुक्त असेल तर तू घातलेलं नवं तेवढं तुझं. नुसती पट्टी बदलून हक्क सांगू नकोस, टिकणार नाही.

काम सांगणाऱ्याने पैसे मोजले म्हणजे हक्क त्याचेच झाले, हा समज सगळीकडे ऐकू येतो. खरं तर करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं. रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीच्या एका पियानोरचनेचं ऑर्केस्ट्रेशन, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मांडणी, फ्रेंच संगीतकार राव्हेलने १९२२ मध्ये वाद्यवृंद-संचालक कुसेवित्स्कीच्या सांगण्यावरून केलं. ते सादर करण्याचा हक्क काही वर्षं एकट्या कुसेवित्स्कीकडे होता. म्हणजे सादरीकरणाचा हक्क मुदतीपुरता देता येतो, सगळं देऊन टाकायची गरज नसते.

नवखे हमखास विसरतात ते पुढचं. तुझ्या पियानो अरेंजमेंटवरून उद्या दुसरा कोणी ऑर्केस्ट्रेशन करेल. तुझे स्वरमेळ, तुझी मधली सुरावट त्यात आली, आणि हक्क तुझ्याकडेच असले, तर तुझीही परवानगी लागते. त्यामुळे ‘पुढील सर्व रूपांतरांसह’ असे शब्द करारात दिसले तर ते काढायला सांग, नाहीतर त्याचे वेगळे पैसे माग.