विचारा, आम्ही सांगतो : ॲलर्जी आणि बाहेरचं जेवण

प्रश्न : माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. वय सहा, वजन २० किलो. पुढच्या महिन्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला लग्नाला जायचंय. घरचे म्हणतात, 'एवढंसं पोटात गेलं तर काय होतंय!' काय काळजी घ्यावी?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : 'एवढंसं'च महागात पडतं. चमचाभर कोशिंबिरीतलं कूटही पुरतं.

आचाऱ्याला 'शेंगदाणे आहेत का?' असं विचारलंत तर तो बिनदिक्कत 'नाही' म्हणेल, कारण त्याच्या डोळ्यांसमोर अख्खे दाणे येतात. 'कूट कशाकशात आहे? फोडणी कुठल्या तेलाची?' असं विचारा, आणि तेही आदल्या दिवशी, स्वतः. भरली वांगी, कोशिंबीर, पंचामृत, अळूची भाजी यांना हातच लावू नका. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात मात्र राहतात; तेव्हा ते टाळा. ज्या कढईत चिवड्याचे दाणे तळले, तिच्यातल्या पुऱ्याही नकोत. उपासाचं ताट तर सर्वांत वाईट: खिचडी, आमटी, काकडी, सगळीकडे कूट.

पंगतीत खरी गडबड वाढप्याच्या हातून होते. कोशिंबिरीचा चमचा वरणात जातो आणि साधं वरणही बाद होतं. म्हणून पंगत बसायच्या आधी मुलीचा भात, वरण, बटाट्याची भाजी थेट पातेल्यातून, स्वच्छ डावाने, तिच्या डब्यात काढून घ्या. भाजीचंही आधी विचारून. सोबत दोन वेळचं घरचं खाणं असू द्या. यजमानांना वाईट वाटलं तर वाटू दे.

गाडीत शेजारी कुणी दाणे सोलत असेल तर नुसत्या वासाने सहसा जिवावर बेतत नाही. बाकावरची टरफलं आणि चिक्कीचे चिकट हात जास्त वाईट. जागा ओल्या फडक्याने पुसा. हात साबणाने धुवा. सॅनिटायझरने दाण्याचं प्रथिन निघत नाही.

आता औषध. ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, सतत खोकला, वारंवार उलट्या किंवा मूल एकदम गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर ॲलर्जीच्या गोळीची वाट पाहू नका. ती खाज कमी करते, श्वास वाचवत नाही. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच हवं. मात्रा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून (औषधाची बंद काचकुपी) तुमच्या मुलीला ०.२ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा अँप्यूल फोडून, सिरिंज भरून बघा, कारण घाईत काच हातात फुटते. इन्शुलिनची सिरिंज चालत नाही: सुई आखूड असते, स्नायूपर्यंत पोचत नाही, शिवाय खुणा युनिटमध्ये असतात. मुलीला आडवं ठेवा, चालवू नका. धाप असेल तर बसू द्या. फरक नसेल तर ५ ते १५ मिनिटांनी दुसरी मात्रा, म्हणून अँप्यूल किमान दोन. लगेच १०८ ला फोन, रेल्वेत १३९. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो. अँप्यूल सुटकेसमध्ये किंवा तापलेल्या मोटारीत ठेवू नका.

प्रश्न : मला कोळंबीची ॲलर्जी आहे. गोव्यात मासे तरी खाता येतील का?
— वाचक, पुणे

उत्तर : बहुधा येतील. कोळंबी, खेकडा, शेवंड यांतलं त्रासदायक प्रथिन एकच, माशांमधलं वेगळं. पण आधी तपासणी करून घ्या, आणि तिसऱ्या-कालवांचाही निर्णय डॉक्टरांवर सोडा. शिजवल्याने हे प्रथिन मोडत नाही, त्यामुळे 'चांगलं तळून देतो' याला अर्थ नाही. अडचण तव्याची आहे: रव्याचं ताट, तेल, उलथनं सगळं बांगड्याला आणि कोळंबीला एकच. कोरडा रवा, नवं तेल, धुतलेला तवा मागा. गर्दीच्या वेळी ते शक्य नसेल तर सरळ शाकाहारी ताट घ्या. वांग्याच्या भाजीत सोडे आणि किसमूरमध्ये सुकट दडलेली असते. कोळंबी उकळतानाच्या वाफेनेही काहींना धाप लागते, म्हणून स्वयंपाकघराजवळचं टेबल नको.

प्रश्न : मुलाला तिळाची ॲलर्जी आहे. तो शिकायला जर्मनीला निघालाय. तिथे निभावेल का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : तिथे उलट सोपं जाईल. युरोपीय संघात तीळ हा ठळकपणे जाहीर करायच्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांत येतो आणि सुट्या पदार्थांबद्दलही हॉटेलला माहिती द्यावी लागते. आपल्या २०२० च्या लेबल नियमांतल्या ॲलर्जीच्या यादीत शेंगदाणा आहे, तीळ नाही. त्यामुळे धोका तुम्ही बॅगेत भरून द्याल त्या बाकरवडी, चिवडा, कांदा-लसूण मसाल्याचा जास्त. तिथे हुमुसमध्ये, म्हणजे काबुली चण्याच्या चटणीत, तीळ असतोच. औषध हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यात, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह. पत्रातलं नाव पासपोर्टप्रमाणेच.