१२३४५६७८९८७६५४३२१ : उलटसुलट सारखी वाचता येते, यापलीकडे या संख्येत काही आहे का?

आहे, आणि त्यातलं निम्मं डोंबिवली स्टेशनावरचं आहे.

आधी सोपं ते. नऊ एक लिहा, १११११११११, आणि त्यांना त्यांनीच गुणा. ही संख्या येते. शाळेतला उभा गुणाकार मांडून बघा: तेच नऊ एक नऊ ओळींत, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन, मधल्या घरात नऊ, आणि तिथून उतरण. कुठेही हातचा येत नाही, म्हणून अंक जिन्यासारखे चढतात आणि उतरतात. अंकांची बेरीज ८१ का, तेही इथेच कळतं. मांडलेलेच मुळात ८१ एक!

आता डोंबिवली. गणिती द. रा. कापरेकरांना (पुढे देवळालीत शाळामास्तर झाले) जी. आय. पी. रेल्वेच्या (आजची मध्य रेल्वे) 'डेम्लो' स्टेशनावर अशा संख्यांचा नाद लागला. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली, म्हणून नाव 'डेम्लो संख्या'. आज तिथे गाडीत चढताना 'आत सरका' सोडून काही सुचत असेल असं वाटत नाही. खूण अशी: मधे एकच अंक, हवा तेवढ्या वेळा, आणि दोन्ही टोकांची बेरीज केली की तोच अंक (टोकं लांब असली तर तोच अंक पुन्हापुन्हा). १६५ घ्या, १+५=६. २५५३ घ्या, २+३=५. तुमच्या संख्येतला मधला ९ बाजूला ठेवा आणि टोकं मिळवा:

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

अवयव हवेच असतील तर ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. मला त्यात फारशी गंमत वाटत नाही.

एक सावधगिरी. मी फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, तिथे ही संख्या एक्सेलमध्ये टाकली तर शेवटच्या २१ च्या जागी ०० आले. एक्सेल १५च अंक धरून ठेवतं, आपले १७ आहेत. तेव्हा पडताळा कागदावरच करा.

खरी मजा दहाव्या एकाला. मधल्या घरात दहा झाले, हातचा आला, जिना मोडला. दहा एकांचा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना ८ गायब, उलटं वाचलं तर जुळत नाही. पण उजवीकडचे दहा अंक तोडून उरलेल्यांत मिळवा:

१२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११

पुन्हा तेच दहा एक! ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत येते, तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५ तशीच: वर्ग २०२५, आणि २०+२५=४५. नऊ एकांना मात्र हे साधत नाही. त्यांच्या वर्गाचे उजवीकडचे नऊ अंक तोडून उरलेल्यांत मिळवले तर ९ हाच अंक नऊ वेळा येतो.