छोट्या फिश टँकसाठी घरच्या घरी फिल्टर कसा करायचा? 2 फुटी टँक आहे, पाणी चार दिवसांत गढूळ होतं आणि मासे मरतात.

तुम्ही कराडचे, मी सांगलीचा, म्हणजे आपण दोघंही कृष्णाकाठचेच, त्यामुळं माझा जुगाड तुमच्याकडं चालायला हरकत नाही. सात-आठ वर्षं झाली, मी विकतचा फिल्टर घेतलेला नाही.

आधी एक सांगतो कारण मी स्वतः इथंच फसलो होतो. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. माझा पहिला फिल्टर मी दर रविवारी नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत धुवायचो, बायको पण म्हणायची किती स्वच्छ ठेवतोय, आणि बुधवार-गुरुवारपर्यंत मोली मासे वर येऊन तोंड उघडझाप करत बसायच्या, दोन-तीन तर गेल्याच. नंतर कळलं की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी, त्याचं नायट्राइट करणारे आणि मग नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया असतात, ते स्पंजमध्ये, दगडावर चिकटून राहतात, आणि मी दर रविवारी नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं त्यांनाच मारत होतो. तुमचे मासे मरतायत ते पण बहुतेक यामुळंच, नुसत्या गढूळपणानं मासे मरत नाहीत.

आता सामान. साधा एअर पंप (मला 200-250 रुपयांत मिळाला होता), झाकणाची प्लॅस्टिक बरणी साधारण अर्धा लिटरची, अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा, थोडा स्पंज आणि जुन्या कौलाचे तुकडे. हो, घरावरचं मातीचं कौल. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, बॅक्टेरियाला राहायला लई जागा मिळते, आणि दुकानातल्या सिरॅमिक रिंगा तरी दुसरं काय करतात. कौल फोडून सुपारीएवढे तुकडे करा, सिमेंट किंवा रंग लागलेला नको, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा. नळी मी मेडिकलमधून नवीन सलाइनची आणलेली, टोक गरम पाण्यात बुडवलं की पंपाच्या तोंडावर बसते आणि तिची चाकाची चिमटी हवा कमीजास्त करायला आयती मिळते.

झाकणाच्या मधोमध पाइप जाईल एवढं भोक पाडा आणि बाजूनं तापवलेल्या खिळ्यानं वीसेक छोटी भोकं. पाइप बरणीच्या तळापर्यंत गेला पाहिजे, त्याच्या खालच्या टोकाला ब्लेडनं दोन-तीन खाचा मारा म्हणजे तळाला टेकला तरी पाणी आत शिरेल. वरचं टोक पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली. पाइपभोवती कौलाचे तुकडे भरा, वर स्पंज, झाकण लावा, बरणी टाकीच्या तळाशी ठेवा, आणि हवेची नळी पाइपच्या आतून जवळजवळ तळापर्यंत सोडा. बुडबुडे वर जाताना पाइपमधलं पाणी हलकं होऊन वर चढतं, त्याची जागा भरायला टाकीतलं पाणी झाकणाच्या भोकांतून, स्पंज आणि कौलातून खाली ओढलं जातं. एवढंच तंत्र आहे, मोटार पाण्यात नाही, त्यामुळं शॉकची भीती कमी. एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचा बारीक बुडबुड्यांचा दगड) लावू नका, तो चोंदतो, त्याच्याशिवाय थोडा गुळगुळ आवाज येतो पण झोप मोडण्याइतका नाही.

स्पंज घेताना तोंड लावून फुंकून बघा, हवा आरपार गेली तर घ्या. भांड्याचा हिरवा घासणीवाला नको आणि साबण लागलेला तर अजिबात नको.

लाइट जाण्याचं तेवढं लक्षात ठेवा. पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) टाका, बाणाचं तोंड टाकीकडं. माझा पंप खाली फरशीवर होता, रात्री लाइट गेली आणि नळीतून उलटं पाणी येऊन पंप तर गेलाच, वर हॉलमध्ये चिखल. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात तर लाइट नव्हतीच, तेव्हा मी तांब्यानं पाणी वर उचलून ओतत बसायचो, मासे वाचले, पण बरणीत साचलेलं पाणी कुजून वास मारत होतं. म्हणून बराच वेळ लाइट गेली तर बरणी बाहेर काढून, टाकीचं पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळून मगच परत लावा.

एरवी महिन्यातनं एकदा, टाकीचंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा, बास. काळपट राहिला तर राहू दे. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून किंवा क्लोरीन घालवणाऱ्या अँटिक्लोरीनचे दोन-चार खडे टाकून.

एक मात्र, पाणी हिरवं होत असेल तर फिल्टरनं काय फरक पडणार नाही, ते शेवाळ असतं, टाकीवर ऊन येत असणार, जागा बदला. आणि गोल्डफिश असतील तर अशा दोन बरण्या लावा, ते लई घाण करतात.

नवीन फिल्टरमध्ये बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर दोन-तीनच गप्पी ठेवा आणि खाणं चिमूटभर. घाई असेल तर कुणाच्या तरी चालू टाकीतला जुना मळका स्पंज तुमच्या बरणीत पिळून घ्या, फक्त त्या टाकीत आजारी मासे नसावेत. सांगलीला येणं झालं तर मेसेज टाका, माझ्या स्पंजचा गाळ अर्ध्या बाटलीत भरून देतो, वर हवेला जागा ठेवायची आणि घरी पोचल्या पोचल्या ओतायचा.