वाचक विचारतात: इतिहास घेऊन पोरगी काय करणार?

प्रश्न: सर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. पोरगी बारावी झाली, मार्क बरे आहेत, पण हट्ट धरून बसलीय की बीएला इतिहासच घेणार. घरात सगळे म्हणायलेत, मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून काय मिळणार, त्यापेक्षा नर्सिंग करू दे. मला पण तसंच वाटायलंय. इतिहासाचा काही उपयोग असतो का खरंच?

उत्तर: भाऊ, आधी नोकरीचं बोलून मोकळं होऊ, कारण पोटात गोळा तिथंच आलाय. इतिहासात बीए झालं म्हणून कुणी दारात ऑर्डर घेऊन येत नाही. पुढं एमए, बीएड, नेट-सेट, नाहीतर एमपीएससी, आणि तिथं गर्दी किती ते मी सांगायला नको. नर्सिंगला काम लवकर लागतं हे खरंय. पण तुम्ही विचारलंय उपयोगाचं, तर ते सांगतो.

सनावळ्या पाठ करणं ही शाळेनं लावलेली खोड आहे, गुगल आल्यापासून तर तिची गरजच उरली नाही. कॉलेजात नीट शिकवणारा भेटला तर पोरगी वेगळंच शिकते, समोर आलेला कागद कुणी लिहिला, कधी लिहिला आणि त्याला त्यातून काय साधायचं होतं, हे खोदून विचारायला. मागं एका ग्रुपवर जमिनीच्या जुन्या कागदाचा फोटो फिरत होता, वर सन १३१५ आणि खाली मेसेज, आमच्या घराण्याची सातशे वर्षांपूर्वीची सनद, पुढे पाठवा. सातशे कुठले हो! निजामी कागदावर साल फसली, म्हणजे महसुलाच्या हिशोबाचं, असायचं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं, वर्षभर इकडंतिकडं. म्हणजे कागद १९०५ च्या आसपासचा, पणजोबाच्या वेळचा. त्यावर शंभर रुपये लिहिले असतील तर तेही हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्याचे, सात हाली म्हणजे सहा इंग्रजी रुपये, तेव्हा इंग्रजी हिशोबानं ते ८६ च्या आत-बाहेर भरतात. एवढं ज्याला माहीत नाही तो जमिनीच्या भांडणात वकिलापुढं मुंडी हलवत बसतो.

आणि हे जुनं बाड मेलेलं नाही बरं का. २०२३ ला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, आणि निजामकाळातले दप्तर बाहेर निघाले ते बरेचसे उर्दू नाहीतर मोडीत, मग मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध. सप्टेंबर २०२५ ला निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या आधारानं कुणबी दाखले द्यायचा जीआर आला. आरक्षणाच्या वादात तुमचं मत काहीही असू द्या, पण पिढ्यान्‌पिढ्या धूळ खाणाऱ्या नोंदीवर आज पोरांचे दाखले अडलेत हे तर डोळ्यापुढं आहे ना.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी रझाकाराचं, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचं, सांगितलंच असेल, रात्री गाव सोडून पळणं, धान्य पुरून ठेवणं. ते खरंच आहे, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन आपण उगं पाळत नाही. त्याच लढ्यातली नांदेडकडच्या उमरीची लुटलेली बँक घ्या, जानेवारी १९४८. निजामाच्या लेखी तो दरोडा, आणि आपल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या लेखी लढ्यासाठी उभा केलेला पैसा. पैसे गेले हे दोघांनाही मान्य, पण शब्द बदलला की माणूस चोर होतो नाहीतर देशभक्त. असं वाचायला शिकलेली पोरगी उद्या कुठल्याही पार्टीच्या भाषणाला सहजासहजी भुलणार नाही, तुमच्या सुद्धा.

आता जड गोष्ट. पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेनं हैदराबाद संस्थान घेतल्यावर, पंडित सुंदरलाल समिती तिथं फिरली, नेहरूंनीच पाठवलेली. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या दिवसात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली, मरणारे बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात वाईट जिल्ह्यात आपले उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड. तो अहवाल कित्येक वर्षं सरकारनं छापलाच नाही. झेंडावंदनाच्या भाषणात हे मी तर कधी ऐकलं नाही. रझाकारानं केलं म्हणून हे झालं नाही असं होत नाही, आणि हे झालं म्हणून रझाकार साधू ठरत नाहीत. दोन्ही एका बैठकीत वाचायला अंगात दम लागतो, आणि माझ्या मते इतिहास शिकायचा तो ह्याच्यासाठी. बाकी अभिमान बिभिमान तर रिंगटोनवर पण मिळतो.

तेव्हा घेऊ द्या तिला इतिहास. फक्त सोबत मोडी आणि कामापुरती उर्दू शिकायची अट घाला, ती अट तिला जाच वाटणार नाही बघा.

प्रश्न: मोडी शिकायची तर कुठं? वय ४६, दुकान सांभाळून जमेल का? (वाचक, जालना)

उत्तर: जमतं की. संभाजीनगरला पुराभिलेख खात्याचं ऑफिस आहे, मोडीचा वर्ग कधी निघतो तिथं विचारा. रोज अर्धा तास तरी हातानं गिरवा, नुसतं बघून मोडी येत नाही, कारण लेखणी न उचलता अक्षरं जोडत नेतात आणि सुरुवातीला सगळी ओळ सारखीच दिसते. घरात जुनं खरेदीखत असेल तर पहिला धडा तोच. लॅमिनेट मात्र करू नका, आधी फोटो काढून ठेवा.