पबचं लायसन्स काढायचंय? आधी टेप घ्या

प्रश्न होता: गावाबाहेर रोडटच जागा बघून ठेवलीय, तिथे पब टाकायचा विचार आहे. लायसन्सला अर्ज करण्याआधी काय काय बघावं आणि खर्च साधारण किती येतो?

'रोडटच' वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पबचं म्हणून वेगळं लायसन्स आपल्याकडे नसतं. तुम्ही आत डीजे लावा नाहीतर काकड आरती, एक्साइजच्या, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या लेखी ती परमिट रूमच, लायसन्स एफएल-३ नावाचं. ईटिंग हाउस, फूड लायसन्स, पोलिसांचा रिपोर्ट वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. मुद्दा जागेचा आहे, बाकी सगळं नंतर.

२०१४ ला मी आणि दाजींनी मिळून परमिट रूम टाकायचं ठरवलं. मला तालुक्यात एसटी स्टँडजवळचा पहिल्या मजल्यावरचा गाळा पसंत होता, भाडं चढं पण नगरपालिकेची हद्द. दाजींना पाहिजे होती हद्दीच्या दीड किलोमीटर बाहेर स्टेट हायवेची जागा, चिंचेची झाडं, पार्किंग, फॅमिली सेक्शन, भाडं निम्मं. आता नियम असा की शाळा, देऊळ, एसटी स्टँड यांच्यापासून ७५ मीटर लांब पाहिजे, आणि ते अंतर कावळ्यासारखं सरळ उडत मोजत नाहीत, माणूस नेहमी ज्या वाटेने चालत जातो त्या वाटेने, दाराच्या मध्यापासून मोजतात. सकाळी सहाला भाच्याला टेपचं टोक धरायला लावून मी स्वतः मोजलं, स्टँडच्या गेटपर्यंत ७८ भरलं. दाजी म्हणाले गेटने कोण जातंय, सगळं गाव कंपाउंडच्या पडक्या भिंतीतून जातं, तिथून मोज. तिथून ७१. मी म्हटलं भिंत पडली म्हणून तो रस्ता होतो का, उद्या पालिका भिंत बांधेल. त्यावरून जे वाजलं ते आजपर्यंत, दिवाळीला जेवायला बसलो तरी ७१ की ७८ निघतंच.

शेवटी दाजींच्या मनासारखं झालं. हायवेच्या कडेपासून आमचं दार १४० मीटर आत, त्या वेळच्या नियमात एकदम बसणारं. दोन वर्षं धंदाही चांगला झाला, खोटं कशाला बोलू. मग १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, नॅशनल आणि स्टेट हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नाही, १ एप्रिल २०१७ पासून. ३१ मार्चला टीव्हीवर पट्टी फिरली की २०,००० पर्यंत लोकसंख्या असेल तिथे २२० मीटर चालेल, तर दाजी जेवता जेवता उठून टेप शोधायला लागले. अहो १४० चे २२० कुठून होणार! दुसऱ्या दिवशी एक्साइजचे साहेब आले, सगळा स्टॉक मोजला, उघड्या बाटल्यांतले पेगसुद्धा मेजरने मोजून रजिस्टरला लावले आणि स्टोअरला सील. भाडं चालू, बँकेचा हप्ता चालू, आचारी महिनाभर थांबला आणि गेला.

जुलैत कोर्टानेच सांगितलं की पालिका हद्दीतल्या लायसन्सवाल्यांना हे लागू नाही. म्हणजे तो गाळा वाचला असता!! ग्रामपंचायतवाल्यांचं काय ते राज्य सरकारांनी ठरवावं हे २०१८ च्या फेब्रुवारीत आलं, तोवर आम्ही मालकाला चावी देऊन मोकळे झालो होतो.

म्हणून रोडटच म्हणजे मलई असं समजू नका. जागा कुठल्या हद्दीत आहे, रस्ता स्टेट हायवे आहे की जिल्हा मार्ग, हे बांधकाम खात्यातून लेखी घ्या, दलालाच्या तोंडावर जाऊ नका. भाडेकरारात एक ओळ टाकाच की सरकारी आदेशाने दारू बंद झाली तर भाडं निम्मं किंवा करार रद्द. आमच्यात ती ओळ नव्हती, आणि करार दाजींनी केला होता.

लायसन्स कोणाच्या नावावर हेही आधीच मिटवा. आमचं दाजींच्या नावावर आणि पैसे दोघांचे, पुढचं तुम्ही समजून घ्या. वेटरचे नोकरनामे, म्हणजे त्यांना कामाला ठेवायची एक्साइजची परवानगी, काढा, मंजूर नकाशाच्या बाहेर झाडाखाली एक टेबल जरी लावलं तरी ब्रीच केस, म्हणजे लायसन्सच्या अटी मोडल्याची केस, होते. गावात असाल तर बायकांशी गोडीने रहा, २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की मतदान लागतं आणि आडवी बाटली, म्हणजे दारूबंदीची मतं, निम्म्यावर गेली की तुमचं दुकान उठलं.

खर्चाचं म्हणाल तर फी लोकसंख्येप्रमाणे बदलते, जिल्ह्याच्या एक्साइज ऑफिसला विचारा. पण गणित जुन्या लोकांचं ऐकून मांडू नका. परमिट रूमचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ ला ५ चा १० टक्के झाला, नंतर फी १५ टक्के वाढली, वर एक्साइज ड्युटी, म्हणून तर १४ जुलै २०२५ ला राज्यभर बार बंद ठेवले होते. क्वार्टर वाइन शॉपमधून घेऊन गाडीत बसणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल, याचं उत्तर नसेल तर अर्जच करू नका.

आणि हो, माझं २०१४ ते २०१८ चं आहे, मधे नियम बदललेत, टेप लावायच्या आधी आजचा नियम बघून घ्या. त्या स्टँडची भिंत पालिकेने अजून बांधलेली नाही, हेही दाजी हे वाचणार म्हणून सांगून टाकतो. पण गेटपासून ७८ च आहे.