ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गाची फी सवलत) मिळणार असेल तर कॉलेजची फी पूर्ण भरायची की अर्धी?

ताई, कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, मुलगा ईबीसीत बसतोय आणि कॉलेज म्हणतंय आधी सगळी फी भरा, पैसे आले की परत देऊ, असं तुम्ही लिहिलंय. पूर्ण भरायची घाई करू नका. ईबीसी सवलत ज्या योजनेतून मिळते त्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत पात्र मुलाकडून प्रवेशाच्या वेळी अर्धीच शिक्षण फी घ्यावी, असे शासनाचे आदेश आहेत. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. थोरल्याच्या वेळी फीची पावती नीट वाचलीच नाही. शिक्षण फी 84,000 आणि डेव्हलपमेंट फी 11,000. मला वाटलं एकूण निम्मी होईल. सवलत फक्त शिक्षण फी आणि परीक्षा फीवर असते. डेव्हलपमेंट फी आपल्यालाच भरावी लागते. म्हणजे 42,000 अधिक 11,000, असे 53,000 उभे करायचे होते. एवढ्याचे हप्ते मागितले, कॉलेजने तीन करून दिले. न मागता कोणी देत नाही.

कर्जही या उरलेल्या रकमेपुरतंच काढा. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. बँकेत कॉलेजचं फीपत्रक देताना ईबीसीची रक्कम वजा करून दाखवा, नाहीतर नको त्या पैशावर व्याज भरत बसाल.

आता आमची चूक. महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचे) पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पोराचं आधार शाळेत असताना काढलेल्या खात्याला जोडलेलं, आणि ते खातं बंद पडलेलं. पैसे अडकले, इकडे कॉलेज परीक्षेच्या फॉर्मवर सही देईना. बायकोने कानातलं मोडलं तेव्हा फॉर्म भरला. ते अजून मनातून जात नाही, म्हणून एवढं लिहितोय. आजच बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचारा.

धाकटी मुलगी असेल तर तेही बघा. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग), ओबीसीतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काहीच नाही.

तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज मात्र लगेच टाका. प्रवेशाच्या दिवसांत सेतूत उभं राहायला जागा नसते.