धुळ्यात राहून मुलांच्या पुस्तकांचा चित्रकार होता येतं का? आणि कल्पना सुचतात कुठून?

होता येतं. मी शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला, अकरा वर्षं हेच करतोय. पहिली चार वर्षं घर मात्र शाळेतल्या चित्रकलेच्या तासांवर चाललं, तेवढी तयारी ठेवा.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ए ग्रेड, म्हणून मी हवेत होतो. पुण्यात एका संपादक बाईंना चित्रं दाखवली : दोन डोंगर, मधून सूर्य, कौलारू घर, नारळाचं झाड. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या गावात सूर्य इथून उगवतो?" मी गप्प. आमचा सातपुडा उत्तरेला! घरं धाब्याची. आणि नारळ म्हणाल तर आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या चौरंगावरचा.

परत आलो आणि वही घेऊन केळीच्या बागेत बसायला लागलो. वाऱ्यानं चिरून झालर झालेली पानं, आणि कटाईच्या वेळी डोक्यावर चुंबळ ठेवून घड वाहणारी माणसं. त्यांना हाक मारली की मान वळत नाही, नुसते डोळे वळतात. त्यातूनच माझ्या पहिल्या पुस्तकातली, सगळं डोक्यावर घेऊन फिरणारी पोरगी आली. सुचणं म्हणजे माझ्यापुरतं इतकंच.

आता कामाचं. सुटी सुंदर चित्रं पाठवू नका, ती सगळेच पाठवतात. एकच मूल बारा चित्रांत काढा : रुसलेलं, पळणारं, पाठमोरं. बाराही ठिकाणी ते तेच वाटलं पाहिजे. हे भलतं अवघड आहे. मग एक गोष्ट घेऊन तिची छोटी कच्ची डमी, म्हणजे पुस्तकाचा हातानं केलेला नमुना, करा. पानं बहुधा आठच्या पटीत असतात, आणि चेहरा मधल्या घडीत आला की गेला. 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत. शब्द झाकून नुसती चित्रं वाचा. 'किशोर'चे जुने अंकही चाळा.

मानधन बरेचदा एकरकमी असतं. करार सही करण्याआधी वाचा. माझी एका पुस्तकाची चित्रं न विचारता दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीत वापरली गेली. करारात तसं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

आणि पुण्या-मुंबईचं मनावर घेऊ नका. चाळीसगावला केकी मूस यांचं घर बघून या. स्टेशनजवळच आहे. त्या माणसानं घराबाहेर न पडता, टेबलावर वस्तू मांडून फोटो काढले. तुम्ही मात्र घराबाहेर पडा, पांझरेच्या काठापर्यंत तरी.